सिलिंडरची कात

जे कशालाच चिकटत नाही, ते धातूला कसं चिकटतं?

नसीम शिकलगारच्या शेडमध्ये नवा माणूस आला की हा प्रश्न हमखास विचारायचा, आणि नसीम हातातलं काम बाजूला ठेवून त्याचं उत्तर द्यायची. चिकटत नाहीच, ती सांगायची, नुसतं अडकतं. नॉनस्टिक कोटिंग चढवायच्या आधी धातूवर हवेच्या जोरानं खरखरीत वाळू मारतात. त्या माऱ्यानं धातूला बारीक बारीक खाचा पडतात, खाचांत प्रायमर शिरून बसतो आणि प्रायमरच्या पाठीवर कोटिंग. पुढं ते झिजलं, सोलपटलं, की काढायचं कसं? पुन्हा वाळू मारून! भट्टीत जाळलं तर विषारी धूर निघतो आणि पत्रा वाकतो. ॲसिडात बुडवलं तर कोटिंग कुठं संपलं नि धातू कुठं सुरू झाला याची चौकशी ॲसिड करत बसत नाही. वाळूही करत नाही म्हणा. पण वाळू निदान माणसाच्या हातात असते, आणि हात चांगला असला की धातू वाचतो, अशी या धंद्यात सगळ्यांची ठाम समजूत होती.

इचलकरंजीत या कामाला तोटा नव्हता. विणायच्या आधी उभ्या सुताला खळ लावतात आणि ते ओलं सूत वाफेनं तापवलेल्या मोठमोठ्या पोकळ सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात. हे काम करणारे कारखाने म्हणजे सायझिंग. खळीचं सूत सिलिंडरला चिकटू नये म्हणून त्यावर नॉनस्टिक कोटिंग. ते दर थोड्या महिन्यांनी उडायचं आणि सिलिंडर टेम्पोत पडून शिकलगारांच्या शेडपुढं यायचा. नसीमचे आजोबा कात्र्या-अडकित्त्यांना धार लावत गावोगाव फिरले. वडिलांनी, मेहबूब शिकलगारांनी, ब्लास्टिंगची, म्हणजे वाळू मारायची, शेड घातली. वाळूच्या धुळीनं त्यांची छाती धरली तेव्हा वाळूच्या नळीचं तोंड, म्हणजे नोझल, एकोणीस वर्षांच्या नसीमच्या हातात आलं. त्या हाताचं गावात कौतुक होतं. पोरगी डावरी आहे, पण हात बापापेक्षा हलका आहे, असं सायझिंगवाले म्हणायचे.

मग २०४३ साली ते द्रावण आलं आणि नोझलचा जमानाच संपला.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संगणकाच्या मदतीनं काही चिमुकली प्रथिनं रचण्यात आली होती. त्यांना जगात एकच गोष्ट आवडते: स्टेनलेस पोलादाच्या अंगावर असणारी ऑक्साइडची अतिपातळ साय. कोटिंगच्या कडेनं ती आत शिरतात, त्या सायीला बिलगत पुढं सरकतात आणि प्रायमरचा एकेक पाय उचलून त्याची जागा स्वतः घेतात. धातूला ओरखडा नाही, कोटिंगला इजा नाही. कोमट पाण्याच्या टाकीत तीस तास ठेवलं की अख्खं कोटिंग मोज्यासारखं निघून येतं. कामगारांनी त्याला नाव दिलं कात.

ही कात जाळता येत नव्हती आणि पुरताही येत नव्हती, कारण त्यातली फ्लोरिनची रसायनं शेकडो वर्षं कुजत नाहीत. म्हणून नियम झाला की प्रत्येक कात नंबर घालून, बंद नळीत, सरकारी गोदामात जमा करायची. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात नदी होती, विहिरी होत्या. पण कातीची आतली बाजू म्हणजे धातूचा हुबेहूब ठसा असते, कोटिंग चढवलं त्या दिवसाचा, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. वाळू मारून कोटिंग काढायचे तेव्हा आधीच्या कारागिराचं बरंवाईट सगळं त्या वाळूबरोबर उडून जायचं. आता ते जसंच्या तसं बाहेर येऊ लागलं. कुणाच्या साच्यात बुजवलेली चीर निघाली, कुणाच्या नव्या म्हणून विकलेल्या तव्याखाली जुना तवा निघाला. गावात दोन-तीन भागीदाऱ्या मोडल्या. नसीमला या गमती सांगताना मजा यायची.

ती मजा एप्रिलमधल्या एका मंगळवारी संपली.

जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं गोदामात पडून असलेला जुना सिलिंडर विकत घेतला होता. तो नवं कोटिंग चढवायला आला. कडेच्या जाड कड्यावर 'मे. शि.' असा पंच होता, म्हणजे कोटिंग अब्बांच्या हातचं. नसीमला आनंदच झाला. सोमवारी सकाळी तिनं तो टाकीत सोडला. मंगळवारी दुपारी कात निघाली ती एका कडेला जड होती. नसीमनं उलटी करून बघितली. वाफ आत शिरते त्या, व्हॉल्व्हच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, कातीला आतून करड्या पुट्टीचा जाड पट्टा चिकटलेला होता. सिलिंडरभर, कंबरपट्ट्यासारखा.

पुट्टी कशाला? पुट्टी खळगा बुजवायला घालतात.

तिनं जाडी मोजायचं यंत्र घेतलं. मधोमध दोन पूर्णांक आठ मिलीमीटर. दुसऱ्या टोकाला दोन पूर्णांक सात. त्या पट्ट्यावर यंत्र टेकवलं, आकडा बघितला, पुसून पुन्हा टेकवलं. शून्य पूर्णांक नऊ. मूळचा पत्रा तीन मिलीमीटरचा असतो. म्हणजे तिथं उरला होता तिसरा हिस्सासुद्धा नाही.

नसीमनं पंचाखालचा जोडीचा नंबर वाचला. हा सिलिंडर कुठला हे आता तिला कळलं होतं. याचा जोडीदार २०२७ साली फुटला होता.

तेव्हा ती वीस वर्षांची होती. कबनूर रस्त्याकडच्या एका सायझिंगमध्ये भर दुपारी सिलिंडर फाटला आणि भरतेश चौगुले नावाचा एकतीस वर्षांचा कामगार जागच्या जागी गेला. बॉयलरवर होता त्याचाच थोरला भाऊ, भूपाल. त्यानंच भावाला त्या सायझिंगमध्ये चिकटवलं होतं. चौकशी झाली. सिलिंडर व्हॉल्व्हच्या बाजूनं फाटला, म्हणजे वाफेचा दाब वाढला होता, म्हणजे बॉयलरवाल्याचं लक्ष नव्हतं, असा सरळ हिशेब निघाला. फाटलेली कड पातळ दिसत होती, पण फाटताना धातू ताणला जातो, कड पातळ होणारच, असं तज्ज्ञांनी लिहिलं, आणि ते शास्त्राला धरूनच होतं. दाबाचा काटा स्फोटात गेला होता. काटा कितीवर होता असं विचारल्यावर भूपालअण्णा म्हणाले होते, "आता सांगता येत नाही." भावाचा देह समोर पडलेला असताना कुणाला सांगता येईल? त्यांना सहा महिने तुरुंग झाला, परवाना कायमचा गेला. भरतेशची बायको त्रिशला त्याच घराच्या दुसऱ्या दोन खोल्यांत राहत होती. तिनं त्या दिवसापासून दिराशी एक शब्द बोलायचा नाही ठरवलं आणि एकोणीस वर्षं ते पाळलं.

नसीमनं टॅबलेटवर आकडे घातले. व्यास, जाडी, जोडाजवळचा ताण, दोन वर्षांचं तापणं-निवणं. उत्तर क्षणात आलं. साडेतीन किलो हा रोजचाच दाब. त्या दाबाला असा पट्टा कधीही फाटला असता.

पण तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर अडलं होतं. ब्लास्टिंग करताना सिलिंडर रुळांवर ठेवून पायानं फिरवतात. तो फिरवताना नोझल बंद करायचं नसतं, कारण बंद करून पुन्हा सोडलं की वाळूचा गोळा अडकतो. म्हणून एक झाडणी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतचा एक हात, संपली की कडेला येऊन, पाय लावून, सिलिंडर वीतभर फिरवायचा आणि तोवर नोझल तिथंच चालू ठेवायचं. अब्बांनी तिला असंच शिकवलं होतं. तीन-चार सेकंद, प्रत्येक झाडणीला. अब्बा उजवे. त्यांची झाडणी दुसऱ्या टोकाला संपायची आणि त्या टोकाला असतं जाड कडं, तिथं वाळूचं काही चालत नाही. झाडणी व्हॉल्व्हच्या बाजूला, उघड्या पत्र्यावर संपवणारं डावरं माणूस साऱ्या गावात एकच होतं.

ती कात गुंडाळून घरात गेली. घर शेडच्या मागंच. अब्बा खिडकीशी बसले होते, नाकाला प्राणवायूची नळी. तिनं कात त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पुट्टीवरून बोट फिरवलं.

"कुठनं आला ह्यो?" त्यांनी विचारलं.

"जयसिंगपूरच्या गोडाऊनमधनं."

"मला वाटलं भंगारात गेला आसंल."

एवढ्यानंच नसीमला कळायचं ते कळलं.

"पुट्टी तुम्ही भरलीसा, अब्बा."

"कोटिंग मारायला घेतला तवा खळगा दिसला. गिऱ्हाईक नावं ठेवंल म्हणून भरला. दिसायला सारखा झाला."

"खोली मोजली न्हाई?"

"तुझा हात हुता. तुझ्या हातावर काय शंका घ्यायची?"

"आणि फुटल्यावर?"

अब्बांना दम लागला. "सायबानं तुकडा दाखवाय बोलावलं. कडंवरनं अंगठा फिरवला आणि समजलं. म्हटलं, ब्लास्टिंग मीच करतो, माझ्या नावावर शेड हाय. कुणी फुडं इचारलं न्हाई. तू वीस वर्साची हुतीस. लगीन ठरल्यालं."

"भूपालअण्णा आत गेले तवा?"

"त्याला सा म्हैने झाले. तुला किती झाले आसते?" त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज बापाचाच होता. "कंप्रेसर हाय अजून. सिलिंडरवर एक हात मार, सगळं सारखं हुतंय. कात कापून दुसऱ्या नळीत घाल. कोण बघतंय? मी किती दिवसाचा सोबती. माझ्या डोळ्यांदेखत तुझं नाव नको निघाय."

नसीमला त्यांचा राग आला, इतका की तिथं उभं राहवेना. आणि त्याच क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. एकोणीस वर्षं हा माणूस तिच्या वाटणीचं ओझं छातीवर घेऊन, त्या तसल्या छातीवर घेऊन, गप्प बसला होता. पण ते ओझं त्यांनी एकट्यानं उचललं नव्हतं. जास्तीचा हिस्सा भूपालअण्णांच्या पाठीवर टाकला होता, त्यांना न विचारता.

ती शेडमध्ये गेली आणि अब्बा म्हणाले तेच करायला लागली. हे सांगायला हवं. तिनं ताडपत्रीखालून जुनं नोझल काढलं, हेल्मेट डोक्यावर चढवलं, कंप्रेसर चालू केला. सिलिंडर रुळांवर आला. तीन वर्षांत तिनं वाळू मारली नव्हती, तरी पाय आपोआप पडले, हात आपोआप उचलला गेला, आणि धुळकट काचेतून तिनं पाहिलं तर ती व्हॉल्व्हच्या बाजूला, त्या चार बोटांच्या पट्ट्यासमोर उभी होती. तिच्या अंगाला दुसरं येतच नव्हतं.

मग तिला बाकीचे सिलिंडर आठवले. स्फोटाआधीच्या त्या दोन वर्षांत तिनं याच पद्धतीनं चाळीसेक सिलिंडर केले होते. स्फोटानंतर अब्बांनी वाळूसाठी सिलिंडर घेणंच बंद केलं होतं, नुसते तवे आणि साचे घ्यायचे; का, ते तिला आज कळत होतं. फुटलेल्या जोडीचं कोटिंग हलकं होतं, ती पाच वेळा आली, म्हणून तिचा पट्टा एवढा खोल गेला. बाकीचे दोनदा आले असतील, तीनदा आले असतील. वर नवी कोटिंगं चढली असतील. त्यातले किती अजून चालू असतील? या घडीला, भर दुपारी, त्यातल्या कितींच्या पोटात वाफ होती आणि शेजारी कुणाचा भरतेश उभा होता?

तिनं कंप्रेसर बंद केला. हेल्मेट काढून बाजूला टाकलं आणि हुंदके देऊन रडली. मग तोंड धुतलं. कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला सिलिंडरचे फोटो, आकडे आणि आपलं नाव धाडलं. तिथून ठरावीक उत्तर आलं: तक्रार नोंदवली, पाहणी सात दिवसांत. सायझिंगवाल्यांना फोन लावायला तिनं नावं काढली, पण पहिल्याच नावावर बोट अडलं. एक माणूस असा होता की त्याला हे आधी, तिच्या तोंडून कळायला हवं होतं. कात घेऊन ती स्कूटरवर बसली. वाट दहा मिनिटांची होती.

भूपाल चौगुले बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, आवारात झाडांना पाणी घालत होते. परवाना गेल्यापासून जैन बस्तीची झाडलोट हेच त्यांचं काम. चौसष्टीला आलेला, वाळलेला माणूस. नसीमला बघून त्यांनी पाइप खाली ठेवला.

"नसीम, ये की. अब्बांचा दम कसा हाय? त्या मशिनीचा फिल्टर बदलला का?"

अशा माणसाला कसं सांगायचं? तिनं उभ्यानंच सांगितलं, भराभर, थांबलं तर पुढं बोलता येणार नाही म्हणून. पट्टा, पुट्टी, शून्य पूर्णांक नऊ, आपला हात, अब्बांचं गप्प बसणं. कात पुढं केली. त्यांनी कातीकडं पाहिलंसुद्धा नाही. पाइपचं पाणी त्यांच्या पायावरून वाहत होतं.

"काटा कितीवर हुता मग?" त्यांनी विचारलं.

"साडेतीनवर असला तरी फाटला असता, अण्णा. तीनवर असला तरी."

"मी साडेतीनच ठेवायचो."

"व्हय."

"कधी चार केला न्हाई."

"व्हय, अण्णा."

ते कठड्यावर बसले. "मी रोज बघतोय त्यो काटा," ते म्हणाले, जणू हवापाण्याच्या गोष्टी. "झोपंत बी बघतोय. पयल्यांदा साडेतीनवर दिसायचा. मग लोक म्हणायले, तवा चारवर दिसाय लागला. मग पाचावर. आता सहावर दिसतोय. मला वाटलं, आपल्याला आता खरं आठवाय लागलं."

नसीम त्यांच्या पायाशी बसली. माफी मागायचा शब्द तिच्या तोंडाशी आला होता, पण तो शब्द फार लहान होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. शिवीही दिली नाही. म्हणाले, "तुला काय बोलायचं ते मला आत्ता सुचंना झालंय. मागनं सुचंल. पण मला सांगून काय उपेग? चल. त्रिशलाला सांग."

घर जवळच होतं. एकाच भिंतीला दोन दारं, दोन्हीपुढं एकच अंगण. त्रिशला अंगणात चटईवर सांडगे घालत होती. नसीमला पाहून ती हसली, तिच्या मागं भूपालअण्णा दिसले तशी तिनं मान खाली घातली आणि हात चालू ठेवले. हे त्या घरात रोजचंच होतं. दिराची सावली अंगणात पडली की ती सावली तिथं नसल्यासारखं वागायचं.

नसीमनं त्या दिवसात दुसऱ्यांदा ते सगळं सांगितलं. या खेपेला सावकाश सांगितलं. त्रिशलाच्या हातातलं पीठ बोटांवर सुकत गेलं.

"माझ्या मालकांनी काय चूक केलती?" तिनं विचारलं.

"न्हाई, वहिनी."

"आणि ह्यांनी?"

"काहीच न्हाई. त्यांचा काटा बरोबर होता."

त्रिशला उठली. हात लुगड्याला पुसले. मग तिनं पदर ओढून डोक्यावर घेतला. थोरल्या दिरापुढं घरच्या सुनेनं घ्यायचा तो पदर. एकोणीस वर्षं ती त्यांच्यापुढं उघड्या डोक्यानं वावरली होती, कारण तो मान तिनं त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं. शेजारच्या दोघी दारात आल्या आणि तशाच थांबल्या.

"भावजी," ती म्हणाली. "उनात किती वेळ उभं ऱ्हाणार? आत या."

भूपालअण्णा हलले नाहीत. तिनं दार सताड उघडलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. तेव्हा ते चपला काढायला वाकले, आणि वाकलेले तसेच राहिले, चौकटीला धरून, लहान मुलासारखे रडत. त्रिशलानं त्यांना आवरलं नाही. तीही रडत होती. सावकाश ते आत गेले.

मग ती नसीमकडं वळली. त्या नजरेत माया नव्हती आणि नसीमनं तिची अपेक्षाही केली नव्हती.

"असले अजून किती हायेत गावात?"

"चाळीसेक केलते. किती चालू हायेत, ठाऊक न्हाई."

"मग इथं काय करायलीस?"

दार लागलं. आतून तांब्याभांड्याचा आवाज आला, त्रिशला भूपालअण्णांना काहीतरी विचारत होती. नसीम अंगणाच्या पायरीवर बसली. त्या दारातून तिला पुन्हा कुणी आत बोलावणार नव्हतं, हे तिला कळत होतं आणि फार लागत होतं. तिनं फोन काढला, पहिलं नाव शोधलं. पलीकडं यंत्रांचा खडखडाट चालू होता, आणि त्यातून कुणीतरी ओरडून विचारलं, कोण बोलतंय.

"वाफ बंद करा," नसीम म्हणाली. "सिलिंडरपासनं माणसं बाजूला काढा, आत्ताच्या आत्ता. मी नसीम शिकलगार बोलतेय. होय, मेहबूब शिकलगारांची. न्हाई, अब्बांनी न्हाई. त्या सिलिंडरचं ब्लास्टिंग मी केलं होतं."